खरखर

स्वस्थ बसणे ही काही सोपी कला नाही. लहानपणी फोटोग्राफर काळ्या बुरख्यात डोके घालून "आता हलू नका हं" म्हणाला, की नेमकी त्याच क्षणी नाकाला खाज सुटे. कीर्तनाला मांडी घालून बसावे, तर पूर्वरंग संपायच्या आत पायाला मुंग्या येत. पण हा सारा चुळबुळेपणा सजीवांचा. निर्जीव वस्तू बिचाऱ्या ठेवल्या जागी गुपचूप पडून असतात. टेबलावरचा पेपरवेट, कोनाड्यातला गणपती, भिंतीतला खिळा, यांच्याइतके शांत कोण असेल? असे तुम्ही म्हणाल, आणि चारचौघेही तेच म्हणतील. मात्र गेले वर्षभर मी ज्या एका इवल्याशा वस्तूच्या सहवासात आहे, तिचे मत निराळे आहे. तिच्या लेखी या जगात स्वस्थ असे काही नाहीच.

जुन्या रेडिओची ज्यांना आठवण आहे, त्यांना खरखर म्हणजे काय हे सांगायला नको. काटा दोन स्टेशनांच्या मधल्या रानात शिरला, की कढईत पापड तळल्यासारखा आवाज सुरू होई आणि गाण्याची ओळ त्यातून वेचून घ्यावी लागे. मोजमापाच्या धंद्यातही हाच शब्द चालतो. यंत्राला जे विचारले त्याचे उत्तर सोडून ते आणखी जे काही बडबडते, ती सारी खरखर. ती कानाला ऐकू आलीच पाहिजे असे नाही. पडद्यावरच्या एखाद्या ज्योतीच्या थरथरीतही ती दडून बसलेली असते. माझी गाठ पडली ती अशाच एका ज्योतीशी.

त्याचे असे झाले. आक्का माझी थोरली बहीण, वय ७४. दोन वर्षांपूर्वी तिच्यावरून अर्धांगवायूचा झटका गेला. पाय हळूहळू सावरला. वाचा गेलीच नव्हती. आक्काची वाचा नेण्याची अर्धांगाची काय छाती! पण डावा हात मांडीवर पडून राहिला, दुसऱ्याचा कुणाचा तरी आणून ठेवावा तसा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणत, की मनगट उचलण्याचा प्रयत्न दिवसातून शेकडो वेळा झाला पाहिजे. मेंदूतला जुना रस्ता बंद झाला असला, तरी शेजारून नवी पाऊलवाट पडू शकते, आणि पाऊलवाट पडते ती चालून चालूनच. आक्का विसापर्यंत मोजी आणि कंटाळून खिडकीबाहेर पाही. उचललेला हात उचलला गेलेला दिसतच नसे, मग मोजायचे तरी काय?

असल्या कंटाळ्यावर जगाने एक उपाय काढलेला आहे. २००६ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने 'वी' नावाचा खेळ बाजारात आणला. हातातली कांडी फिरवली, की पडद्यावरची टेनिसची रॅकेट फिरते. खेळ खरा मुलाबाळांचा, पण देशोदेशींच्या व्यायामोपचार करणाऱ्यांनी तो अर्धांगाच्या रोग्यांच्या हातीही देऊन पाहिला. परंतु कांडी धरायला मूठ वळावी लागते, आणि आक्काची मूठ वळत नव्हती. तेव्हा आक्काच्या मापाचे यंत्र घरीच करायचे ठरले. मी जन्मभर एका कारखान्यात मोजमापाची उपकरणे दुरुस्त केलेली. माझी नात संगणक शिकते. आणि ग्रँट रोड स्टेशनबाहेर लॅमिंग्टन रोड जागच्या जागी आहे. एवढ्या सामग्रीवर आम्ही कामाला लागलो.

या यंत्राचे काळीज म्हणजे एमपीयू-६०५० नावाची एक चिप. लांबीरुंदी अवघी ४ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढी. तिच्या पोटात दोन इंद्रिये आहेत. एक त्वरणमापक, त्याला ओढ कळते. वस्तू अगदी स्थिर असली तरी पृथ्वीची ओढ असतेच, त्यामुळे खाली कुठे आणि वर कुठे हे त्याला नेहमी ठाऊक. दुसरा जायरोस्कोप, त्याला वळणे कळते. ही चिप, बिनतारी निरोप धाडणारी ईएसपी-३२ ची पट्टी आणि चपटी बॅटरी, असा संसार एका प्लास्टिकच्या डबीत मांडला आणि ती डबी पट्ट्याने आक्काच्या पालथ्या तळहातावर बांधली. पडद्यावर नातीने एक काळोखे अंगण काढले. अंगणात न लावलेल्या पणत्यांची रांग, आणि खाली एक ज्योत. मनगट उचलले की ज्योत वर जाणार, पणतीला टेकणार, पणती लागणार.

पहिल्याच दिवशी आक्काचा हात उशीवर स्वस्थ असताना ज्योत वीतभर वरखाली नाचू लागली. आक्का थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बाळ, ही ज्योत मी हलवते आहे, की ती आपली आपणच हलते आहे?"

या प्रश्नात सगळे आले. ज्या हाताने दोन वर्षे काही कळवले नाही, त्याने काही कळवलेच, तर ते त्यानेच कळवले अशी खात्री हवी. वाऱ्याने हललेल्या पानाला कुणी रामराम करीत नाही.

नातीने चटकन एक तोड सुचवली. ४ अंशांखालची हालचाल यंत्राने मोजूच नये. ज्योत एकदम शांत! हा उपाय रूढ आहे, पुष्कळ खेळांत तो असतो. पण आक्काचे मनगट सारी शक्ती लावून उचलले जाई ते फार तर २ अंश. २ अंश म्हणजे बोटांच्या टोकाशी जेमतेम अर्धा सेंटिमीटर. खरखर जेवढी, त्याहूनही आक्काचा प्रयत्न लहान. कचऱ्याबरोबर मोतीही केरात जाणार. मग पोरीने मायेपोटी दुसरी तोड काढली: आजी प्रयत्न करते आहे असे वाटले, की ज्योत आपणच थोडी वर सरकवायची. तेवढाच तिला हुरूप येईल! हे बोलणे आम्ही स्वयंपाकघरात हळू आवाजात करीत होतो, पण आक्काचे कान शाबूत आहेत. बाहेरून आवाज आला, "मी ३६ वर्षं पेपर तपासले आहेत. नापासाला पास केल्यानं पोराचं भलं झालेलं मी कधी पाहिलं नाही. मला फुकटचे मार्क नकोत."

तेव्हा खरखरीचा माग काढण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

कारखान्यात आमच्या एका वयोवृद्ध वरिष्ठांनी मला एक गोष्ट शिकवली होती. खरखर दाबण्याआधी ऐकावी, म्हणत. तिला ताल असतो. ताल सापडला की तिचे घर सापडते. त्याप्रमाणे डबी जमिनीवर ठेवली आणि ती काय काय बोलते ते पडद्यावर आलेखाच्या रेघेत उमटवू लागलो. दर काही मिनिटांनी रेघ फुगे आणि विरून जाई. आमची चाळ दादरला, रुळांच्या कुशीत; जमीन लाकडी फळ्यांची. गाडी गेली की फडताळातली भांडी किणकिणतात, पण पन्नास वर्षांत आम्हां घरच्यांना ती ऐकू येईनाशी झाली आहेत. चिप घरात नवी होती, तिला ऐकू येत होती. दोन दिवसांत मला नुसत्या रेघेवरून जलद गाडी कुठली आणि धीमी कुठली हे ओळखता येऊ लागले. आक्का म्हणाली, "हातासाठी यंत्र करायला बसलास आणि स्टेशनमास्तर झालास!"

शेवटची गाडी गेल्यावर मात्र रेघेचे खरे रूप दिसू लागले. रात्री दीड वाजता सारी चाळ झोपलेली, आणि रेघेवर संथ लाट, सेकंदाला बरोबर दोन. छताचा पंखा बंद केला, लाट गेली. लावला, परत आली. आता मौज अशी, की पंखा काही सेकंदाला दोनदा थरथरत नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, तिच्यावर चालणारी मोटर गुणगुणते ती सेकंदाला १०० वेळा. मग दोन कुठून आले? सिनेमात भरधाव टांग्याचे चाक कधी कधी उलटे फिरताना तुम्ही पाहिले असेल. चाक सरळच फिरत असते. कॅमेरा त्याला ज्या ज्या क्षणी पाहतो, ते क्षण असे पडतात की डोळा फसतो. आमचे यंत्र सेकंदाला ४९ वेळा पाहत होते. दोन दुणे ४९ म्हणजे ९८. शंभरातले उरलेले दोन लाट होऊन पडद्यावर डुलत होते! यावर इलाज म्हणजे जलद थरथर आधीच अडवायची आणि मग पाहायचे. चिपच्या पोटातच त्यासाठी एक गाळणी असते. ती सेकंदाला २१ आवर्तनांवर लावली, आणि वाचने सेकंदाला २०० केली. लाट नाहीशी झाली. गाड्यांचा बंदोबस्त तर कापसाने केला, कारण आक्काचा हात जमिनीवर नव्हे, उशीवर असतो, आणि उशीइतकी जुनी गाळणी दुसरी नाही.

लाट ओसरल्यावर तिच्याखालचे खडक दिसू लागले. रेघेवर काटे होते, करवतीच्या दातांसारखे सारख्या अंतरावर, सेकंदाला २०. आमची डबी पडद्याकडे निरोप धाडी तेही सेकंदाला २० वेळा. संशय घ्यायला एवढे पुरे होते, पण संशयावर कुणाला शिक्षा देऊ नये. निरोप सेकंदाला १० केले, काटेही १० झाले. बिनतारी निरोप अजिबात बंद करून तारेने वाचले, एकही काटा नाही. साक्ष पुरी झाली.

कारण समजायला चाळीत राहिलेल्या माणसाला वेळ लागत नाही. सकाळी तळमजल्यावर कुणी नळ पुरा सोडला, की तिसऱ्या मजल्यावरची धार करंगळीएवढी होते. चिप बिचारी अल्पसंतुष्ट, तिला जेमतेम ४ मिलिअँपिअर लागतात. शेजारचा रेडिओ मात्र निरोप धाडताना क्षणभर २०० हून अधिक ओढतो. बॅटरी एक, तार एक; रेडिओने घोट घेतला की चिपच्या वाट्याचा दाब डळमळतो आणि तिच्या वाचनाला उचकी लागते. चाळीतली गृहिणी यावर काय करते? पिंप भरून ठेवते. विजेच्या संसारात पिंपाला कपॅसिटर म्हणतात. रेडिओच्या दाराशी ४७० मायक्रोफॅरडचे मोठे पिंप ठेवले, चिपच्या अगदी पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचे लहानसे तांब्याभर. चिपला दाब स्थिर ठेवणारा वेगळा नळ दिला, तारा आखूड केल्या, आणि दोन निरोपांच्या मधल्या निवांत वेळेतच तिला प्रश्न विचारायचा असा शिरस्ता घालून दिला. काटे गेले.

आता ज्योत नाचत नव्हती, पण दहा मिनिटांत चोरपावलांनी वर चढत होती. हे जायरोस्कोपचे काम. त्याची रचना मोठी विलक्षण आहे. माशीला पंखांच्या मागे मुगदलासारख्या दोन इवल्या दांड्या असतात. त्या सारख्या कंप पावतात, आणि माशी वळली की त्यांच्या कंपाची दिशा किंचित ढळते. त्यावरून तिला आपले वळणे कळते. ज्या बलामुळे हे घडते ते फ्रान्सच्या कोरिओलिसने १८३५ साली गणिताने मांडले, आणि चिपमधला सिलिकॉनचा कण त्याच बलावर चालतो. माशीला मारायला उठलेल्या हातातून ती नेमकी निसटते त्यात या दांड्यांचाही वाटा आहे! पण जायरोस्कोपला उगीच थोडे वळल्यासारखे वाटत राहते, आणि हाताच्या उबेने ते वाटणे बदलते. थोडे थोडे साठून अंशच्या अंश होतात.

आमच्या घरात पूर्वी दोन काका होते. एक क्षणाक्षणाला भडकत, पण त्यांचे महिन्याभराचे बोलणे एकत्र केले तर ते न्यायाचेच निघे. दुसरे शांत, मोजके बोलणारे, मात्र गोष्ट सांगता सांगता मूळ मुद्द्यापासून पार पंढरपूरला पोहोचत. त्वरणमापक हा पहिला काका, जायरोस्कोप दुसरा. दोघांना एकत्र बसवण्याची युक्ती सोपी आहे. क्षणाचा निकाल द्यायला दुसऱ्याचे म्हणणे ९८ हिस्से घ्यावे, आणि तो भरकटू नये म्हणून पहिल्याचे २ हिस्से त्यात सतत मिसळत राहावे. याहून शहाणी गाळणी रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली मांडली आणि अपोलो यानांनी चंद्राची वाट काढताना ती वापरली. आमचा प्रवास उशीपासून अर्धा सेंटिमीटर वर एवढाच, तेव्हा काकांवर भागले.

राहता राहिली बारीक कुजबुज. ती शमवायची तर वाचनांची सरासरी घ्यावी. १०० वाचनांची सरासरी घेतली की खरखर दहापट कमी होते, पण ज्योत पाव सेकंद मागे राहते. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही, असे तुम्हांला वाटेल. शिंप्याकडे कपडे घालून पाहावेत तशा निरनिराळ्या सरासऱ्या आम्ही आक्काला लावून दाखवल्या. १०० ची पाहून ती म्हणाली, "छान गुळगुळीत आहे. पण ही माझ्यामागून येते. मी दमून सोडून देते तेव्हा निघते." तिने पसंत केली ती १६ वाचनांची. तिच्यात थोडी थरथर उरते, पण ज्योत सेकंदाच्या चार शतांशांतच हाताला येऊन मिळते. थोडी खरखर पत्करून मिळालेला हा ताबडतोबपणा तिला अधिक मोलाचा वाटला, आणि कौल तिचा होता.

तरीही रेघ अगदी सपाट झाली नाही. अंशाच्या दहाव्या हिश्श्याएवढी थरथर राहिलीच. ती तशीच राहणार आहे. रॉबर्ट ब्राउनने १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली परागांतले कण पाण्यात सारखे हुंदडताना पाहिले. ते पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी, हे आइन्स्टाइनने १९०५ साली गणित मांडून दाखवले. तारेतले विद्युत्कणही उष्णतेने असेच अस्वस्थ असतात आणि त्यांची खरखर मोजता येते, हे जॉन्सनने १९२८ साली प्रसिद्ध केले. जिथे म्हणून ऊब आहे तिथे चुळबुळ आहे. चिपलाही ऊब आहे.

एवढे झाल्यावर डबी मी माझ्याच हातावर बांधून पाहिली. टेबलावर शांत असलेली रेघ पुन्हा थरथरली, सेकंदाला सुमारे ९ वेळा. कुठलाही नळ, पंखा, गाडी तिचा धनी नव्हता. धडधाकट माणसाचा हातही सेकंदाला ८ ते १२ वेळा असा थरथरतो. आपल्याला ते दिसत नाही इतकेच. ही थरथर मी गाळली नाही. यंत्राला जे विचारले होते, त्याचेच ते उत्तर होते.

मग एका संध्याकाळी डबी आक्काच्या हातावर बांधली. अंगणात काळोख, खाली ज्योत, चित्रातल्यासारखी स्थिर. आक्काने मनगट उचलले, म्हणजे उचलण्याचा प्रयत्न केला असावा, कारण हाताकडे पाहून काहीच कळत नव्हते. ज्योत हलली नाही. बराच वेळ गेला. एक धीमी गाडी गेली, भांडी किणकिणली. ज्योत जागची हलली नाही. नातीने माझ्याकडे पाहिले. तिच्या मनात काय आले ते मला समजले; माझ्याही मनात तेच होते. पण कळफलकाला दोघांनीही हात लावला नाही.

मग ज्योत बोटभर वर गेली, आणि खाली आली. आक्का म्हणाली, "थांबा, बोलू नका." पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. तिसऱ्यांदा वर गेली तेव्हा आक्काने ती श्वास रोखून क्षणभर तिथेच धरली. आलेखावर आकडा होता १.४ अंश. "ही मीच," ती म्हणाली आणि उजव्या हाताने डोळे पुसून चहा मागितला.

त्याला सात महिने झाले. विसापर्यंत मोजून कंटाळणारी आक्का आता दोनशेच्या खाली ऐकत नाही. मनगट ९ अंश उचलले जाते, आणि रांगेतल्या पहिल्या तीन पणत्या रोज लागतात. पुढच्या पणत्या उंच आहेत. यंत्राविषयी तिची आता तक्रार नाही; तक्रार आहे ती नातीविषयी. चौथी पणती मुद्दाम फार वर मांडली आहे असे तिचे म्हणणे आहे, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत ती तसूभरही खाली आणायची नाही, असा तिचाच हुकूम आहे.